सावधान म्हणायचं वय

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. १६०८ साली रामनवमीला तिथल्या ठोसरांच्या घरात नारायणाचा जन्म झाला. परंपरा सांगते, की त्याचं लग्न ठरलं तेव्हा तो बारा वर्षांचा होता. वऱ्हाड जवळच्याच आसनगावला गेलं, आंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली आणि भटजींनी 'सावधान' म्हणताच नवरदेव खरोखरच सावध झाला. बोहल्यावरून उतरून तो जो पळाला, तो पुढे टाकळीला तपश्चर्येला बसल्याचंच लोकांना कळलं. ही गोष्ट ऐकल्याशिवाय मराठी मुलांचं शाळेतलं एकही वर्ष जात नसेल.

मला ही गोष्ट आठवते तेव्हा आंतरपाटाच्या दुसऱ्या बाजूची मुलगी आठवते. नवरा बारा वर्षांचा, म्हणजे ती त्या काळच्या रीतीनं आठ-नऊ वर्षांची असणार. गोष्ट सांगणारे तिचं नाव सांगत नाहीत. 'सावधान' हा शब्द तिच्याही कानावर पडला होताच. पण ती पळाली असती तर कुठल्या गावात, कुठल्या मठात, कुठल्या नदीकाठी तिला आसरा मिळाला असता? मुलाच्या पळण्यातून एक संत घडला, हे आपण अभिमानानं सांगतो. मुलीला पळायची वाटच नव्हती, याची चर्चा होत नाही.

लग्नाचं किमान वय ठरवणारे कायदे वाचताना मी ही मुलगी डोळ्यांसमोर ठेवते. कुठल्या देशात किती वय, हा आकडा पाठ करायला सोपा असतो. तो आकडा कुणी, कशासाठी ठरवला आणि तो मोडला गेला तर मांडवातल्या मुलीला परत फिरता येतं का, हे पाहिलं की मगच त्या कायद्याची किंमत कळते.

जुन्या जगात बहुतेक ठिकाणी हा आकडा शरीरावरून ठरला. रोमन कायद्यानं मुलीला बारा आणि मुलाला चौदा वर्षं दिली. ख्रिस्ती चर्चनं तेच उचललं, चर्चकडून ते इंग्लंडच्या कायद्यात आलं आणि शतकानुशतकं तसंच राहिलं. आपल्याकडे स्मृतिकारांच्या आधारानं रजोदर्शनाआधी मुलगी उजवणं हे बापाचं कर्तव्य मानलं गेलं. १८६०च्या दंडसंहितेनं दहा वर्षांखालच्या पत्नीशी संबंध हा गुन्हा ठरवला. लग्न कितव्या वर्षी करावं याबद्दल मात्र सरकारनं तोंड उघडलं नाही.

ते तोंड उघडायला लावलं एका मराठी मुलीनं. मुंबईच्या रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजींशी झालं होतं. त्या माहेरीच राहिल्या, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरात शिकल्या आणि मोठं झाल्यावर नांदायला जायला त्यांनी नकार दिला. १८८४ साली नवऱ्यानं मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. पुढच्या वर्षी न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूनं दिला. अपिलात तो फिरला आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला : नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंगात जायची तयारी दाखवली. जे लग्न माझ्या संमतीशिवाय, मला कळत नसताना झालं ते मला बांधत नाही, हा त्यांचा मुद्दा होता. अखेर १८८८ मध्ये नवऱ्यानं २००० रुपये घेऊन प्रकरण मिटवलं. रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या आणि सुरत व राजकोटच्या दवाखान्यांत आयुष्यभर राबल्या. आसनगावच्या मुलीला जे करता आलं नाही ते अडीचशेहून अधिक वर्षांनी एका मुलीनं करून दाखवलं, आणि तेही न्यायालयाचा हुकूम अंगावर घेऊन.

त्याच सुमारास कलकत्त्यात दहा-अकरा वर्षांची फुलमणी दासी नवऱ्याच्या बळजबरीनं मेली. त्या हळहळीतून १८९१ चा संमतिवयाचा कायदा झाला आणि दहाचे बारा झाले. पुण्यात या दोन वर्षांच्या वाढीवरून केवढं रण माजलं ते सर्वश्रुत आहे. टिळक विरोधात, आगरकर आणि भांडारकर बाजूनं. त्या वादातले लेख आज वाचताना एक गोष्ट मनाला लागते. परक्या सरकारनं आमच्या धर्मात हात घालावा का, यावर पानंच्या पानं लिहिली गेली. ज्या मुलींच्या देहावर हा वाद चालला होता त्यांना कुणी विचारलं नाही. रखमाबाईंनी 'एक हिंदू स्त्री' या सहीनं वर्तमानपत्रात पत्रं लिहिली होती, म्हणून निदान एक आवाज तरी कागदावर उरला.

लग्नाच्याच वयाला हात घालणाऱ्यांत मराठी राजा पुढे होता. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९०४ साली कायदा करून मुलीला बारा आणि मुलाला सोळा वर्षांची अट घातली. ब्रिटिश हिंदुस्थानाला तिथवर यायला आणखी पंचवीस वर्षं लागली. अमरावतीचे सर मोरोपंत जोशी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली, ती देशभर हिंडली, साक्षी घेतल्या. अजमेरचे हरविलास सारडा यांनी मांडलेलं विधेयक सप्टेंबर १९२९ मध्ये मंजूर झालं आणि मुलीचं वय १४, मुलाचं १८ ठरलं. अंमल १ एप्रिल १९३० पासून. मधल्या सहा महिन्यांत कायदा लागू व्हायच्या आत लेकीबाळी उजवून घ्यायची घाई लागली आणि १९३१ च्या जनगणनेत बालवधूंचा आकडा फुगलेला दिसला.

१९२९ हे साल आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावं. हिंदुस्थानातल्या बालविवाहांवरून नाक मुरडणाऱ्या इंग्लंडमध्ये त्या वर्षापर्यंत मुलीचं कायदेशीर वय बाराच होतं. व्यवहारात तिथल्या मुली तेवढ्या लहानपणी लग्न करत नसत हे खरं, पण पुस्तकातला आकडा बाराच होता. त्याच १९२९ साली त्यांनी तो सोळावर नेला.

आणि जालना? जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. सारडा कायदा ब्रिटिश मुलखापुरता होता. म्हणजे नगर जिल्ह्यातल्या शेवगावात तेरा वर्षांच्या मुलीचं लग्न लावणं गुन्हा आणि गोदावरी ओलांडून पैठणला आलं की तो गुन्हा नाही, अशी स्थिती होती. सप्टेंबर १९४८ मध्ये मराठवाडा मुक्त झाला, त्यानंतर भारतीय कायदे इथं आले. माझ्या पिढीतल्या कुणाच्या आजीचं लग्न जांब-अंबड-परतुराकडे नवव्या वर्षी झालं असेल, तर त्यात कुठलाही कायदा मोडला गेला नव्हता. कायदाच नव्हता.

पुढचं लवकर सांगता येतं. १९४९ मध्ये मुलीचं वय पंधरा झालं. १९७८ मध्ये मुलीचं अठरा आणि मुलाचं एकवीस. ही शेवटची उडी कशासाठी होती हे नीट पाहावं. १९७६ च्या लोकसंख्या धोरणात लग्नाचं वय वाढवायची शिफारस होती. लग्न उशिरा झालं की मुलं कमी होतील, हा हिशेब. मुलगी जाणती व्हावी, तिला 'नाही' म्हणता यावं, हा विचार त्या अठरात दुय्यम होता. मुलीपेक्षा मुलाला तीन वर्षं जास्त का, याचंही पटणारं उत्तर तेव्हा कुणी दिलं नाही, आजही कुणाजवळ नाही. विधी आयोगानं २००८ साली दोघांसाठी अठराच ठेवा असं सुचवलं होतं. नवरी नवऱ्यापेक्षा लहान असावी ही सोयरिकीतली रीत कायद्यात जाऊन बसली, एवढंच मला त्यात दिसतं.

आता जगाकडे पाहू. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८९ च्या बालहक्क करारात अठराखालची प्रत्येक व्यक्ती बालक मानली आहे आणि बहुतेक देशांच्या कायद्यात अठरा हा आकडा सापडतो. नेपाळनं स्त्रीपुरुष दोघांसाठी वीस ठेवलं. चीनमध्ये मुलीला वीस, मुलाला बावीस. जपाननं मुलींसाठीचं सोळा २०२२ मध्ये अठरावर आणलं. इंडोनेशियानं २०१९ मध्ये सोळाचं एकोणीस केलं. इराणमध्ये मुलीला तेरा.

पण आकड्याच्या पोटात 'परंतु' लपलेला असतो आणि मुली त्या 'परंतु'मधून निसटतात. इंडोनेशियात न्यायालयाकडून सवलत मागता येते. बांगलादेशात वय अठराच आहे, पण २०१७ च्या कायद्यानं 'विशेष परिस्थितीत' पालक आणि न्यायालय यांच्या संमतीनं त्याखालीही लग्नाला वाट दिली, आणि ती वाट किती वयापर्यंत खाली जाते हे लिहिलंच नाही. अमेरिकेत हा विषय एकेका राज्याच्या हातात आहे. कसल्याही अपवादाशिवाय अठरा करणारं पहिलं राज्य डेलावेअर, तेही २०१८ मध्ये. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात पालक आणि न्यायालय राजी असेल तर किमान वयाचा आकडाच कायद्यात नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत सोळाव्या वर्षी आईवडिलांच्या संमतीनं लग्न होत असे. ही संमतीची अट मुलीच्या रक्षणासाठी म्हणून ठेवली होती. ज्या घरात आईबापच लग्नाची घाई करतात तिथं ती संमती मुलीवरचा दाब ठरते, हे लक्षात आल्यावर ती काढून अठरा केलं गेलं. स्कॉटलंडमध्ये मात्र सोळा आजही चालतं. फाळणीनंतर सारडा कायदाच पाकिस्तानातही राहिला. तिथं १९६१ साली मुलीचं चौदाचं सोळा झालं आणि पुढे सिंध प्रांतानं अठरा केलं. एकाच मुळापासून निघालेल्या दोन फांद्या किती वेगळ्या वाढल्या, हे यावरून दिसतं.

भारताच्या २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात आईबापाच्या संमतीची पळवाट नाही, ही त्याची जमेची बाजू. लग्न लावणारा, ठरवणारा, त्याला हातभार लावणारा, सगळ्यांना दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. भटजी, काझी आणि लग्न जमवणारा मध्यस्थ यांनाही त्यातून सुटका नाही. कमकुवत बाजू दुसरीकडे आहे. झालेलं लग्न आपोआप रद्द होत नाही. ते रद्द व्हावं असं वाटत असेल तर त्या मुलीनं स्वतः न्यायालयात जायचं, आणि सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. म्हणजे विसावं वर्ष पुरं होईपर्यंत. शेजारच्या कर्नाटकानं राज्यापुरती दुरुस्ती करून बालविवाह मुळातूनच बेकायदा व शून्य ठरवला. महाराष्ट्रात तसं नाही.

एक अपवाद इथंही आहे आणि तो गावागावांत माहीत असायला हवा. लग्नाआधी दंडाधिकाऱ्यांकडून मनाई हुकूम मिळवला आणि तरीही लग्न लावलं, तर ते लग्न पहिल्या दिवसापासून शून्य. मुलीला नंतर न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. मुलीला पळवून, फसवून किंवा विकून लावलेल्या लग्नालाही हेच लागू.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २१ या काळात झाली. वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या किती, असा प्रश्न त्यात असतो. देशाचं उत्तर २३.३ टक्के, महाराष्ट्राचं २१.९. परभणीत ते ४८, बीडमध्ये ४३.७. जालन्यात साधारण तिघींतली एक. मुंबईत आणि जालन्यातल्या मंठ्यात एकच कायदा आहे, वयही एकच आहे. तरी एवढा फरक पडतो, तेव्हा तो समजून घ्यायला कायद्याचं पुस्तक मिटून जिल्ह्याच्या कोरडवाहू रानात जावं लागतं.

दिवाळी झाली की या रानातल्या वस्त्या रिकाम्या होतात. ऊसतोडीला मजूर घेतला जातो तो जोडीनं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. एकटा पोरगा अर्धा कोयता. त्याचं लग्न झालं की घरात पूर्ण उचल येते. मुलाच्या बापाला सून लवकर हवी असते ती अशी. मुलीच्या बापाची अडचण वेगळी असते. सहा महिने फडावर जायचं, तर वयात आलेली पोरगी गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? सोबत न्यायची तर उघड्यावरची कोपी, पहाटे तीनला उठणं, परका मुलूख. 'जिवाला घोर नको' म्हणून तो हात पिवळे करून मोकळा होतो. या बापाला दुष्ट म्हणणं सोपं आहे. मला ते जमत नाही. त्याच्यापुढे मांडलेल्या वाटांतून त्यानं त्याला कमी भीतीची वाटलेली निवडली, आणि त्याचं मोल मुलीनं भरलं, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

दुष्काळ हे दुसरं कारण. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा सगळ्यात जास्त होरपळला, वर्षानुवर्षं जपलेल्या मोसंबीच्या बागा वाळून सरपण झाल्या. अशा वर्षी थोरलीच्या मांडवात धाकटीही उभी केली जाते. खर्च एकच, जेवणावळ एकच. थोरली एकोणीस वर्षांची असेल, धाकटी पंधराची. हुंडा मुलीच्या वयाबरोबर आणि शिक्षणाबरोबर वाढतो, हाही हिशेब त्यात असतो. आणि तिसरं कारण रस्त्याचं. गावात शाळा सातवीपर्यंत किंवा फार तर दहावीपर्यंत. पुढे एसटीनं तालुक्याला जायचं. मुलींना मोफत पास आहे, मानव विकास मिशनच्या गाड्या आहेत. पण गाडी पावसात बंद पडली, किंवा फाट्यावर कुणी टवाळांनी एकदा छेड काढली, की घरात पहिलं वाक्य येतं ते 'बस झाली शाळा'. शाळा सुटली की पाहुणे यायला लागतात. ही साखळी मला इतक्या घरांतून ऐकायला मिळाली आहे, की अठरा वर्षांचा कायदा खऱ्या अर्थानं कोण पाळतं असं कुणी विचारलं, तर मी वेळेवर येणारी एसटी असं सांगेन.

लग्न थांबवायची जबाबदारी गावात ग्रामसेवकावर आहे, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच. अंगणवाडीसेविका त्यांच्या मदतीला. १०९८ वर फोन आला की चक्रं फिरतात : पोलीस, बालकल्याण समिती, मुलीच्या वयाचा दाखला, आईबापाकडून हमीपत्र. पण तक्रार कुणी केली हे गावात लपत नाही. अंगणवाडीताईला त्याच गल्लीत राहायचं असतं, त्याच आडावर पाणी भरायचं असतं. म्हणून फोन पुष्कळदा उशिरा येतो, हळद लागल्यावर. काही घरं हमीपत्र लिहून देतात आणि रातोरात दुसऱ्या तालुक्यातल्या देवळात अक्षता टाकून येतात. काही ठिकाणी पत्रिकाच छापत नाहीत. साखरपुडा म्हणून माणसं जमवतात आणि त्यातच लग्न उरकतात. हमीपत्रावर न थांबता मनाई हुकूम घ्यायचा, हा साधा धडा जिथं पाळला जातो तिथं अशा रातोरातच्या लग्नाला कायद्यात जागा उरत नाही.

मध्यंतरी मुलींचंही वय एकवीस करायचं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत आलं होतं. ते समितीकडे गेलं आणि २०२४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर बारगळलं. मुलगा-मुलगी सारखी असावीत हे मला मान्य आहे. पण अठराही पाळलं जात नाही अशा मुलखात एकवीस लिहिल्यानं काय होईल? अठरा-एकोणीस वर्षांची, स्वतःच्या मनानं लग्न करू पाहणारी सज्ञान मुलगी आणि तिचा जोडीदार पहिल्यांदा या कायद्यात अडकतील, कारण त्यांच्याविरुद्ध तक्रार करायला घरचेच तयार असतात. पंधराव्या वर्षी घरच्यांनी उजवलेल्या मुलीसाठी तक्रार करायला कुणी नसतं. दोघांसाठी अठरा, आणि ते नीट पाळलेलं, हे मी पत्करेन. मतदान करायला, करार करायला जे वय पुरतं ते नवरा निवडायलाही पुरावं.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अठरा वर्षांखालच्या पत्नीशी संबंध हा बलात्कारच, असं ठरवलं. १८९१ मध्ये बारा वर्षांवरून पेटलेला वाद तिथं कायद्यापुरता संपला. आता राहिली आहे ती मुलीला परत फिरण्याची वाट, आणि ती वाट कागदाची आहे. मुलीचं वय सिद्ध करायला दाखला लागतो. ऊसतोडीच्या हंगामात फडावर जन्मलेल्या मुलीची नोंद ना कारखान्याच्या गावात असते ना स्वतःच्या. पूर्वी शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजानं एक जून लिहून टाकायचे. म्हणून तर आपल्या गावांत चाळिशी ओलांडलेल्या निम्म्या माणसांचा वाढदिवस एक जूनला येतो. आधार कार्डाची झेरॉक्स काढताना जन्मसालातला एक आकडा फिरवणारेही भेटतात.

आसनगावची ती मुलगी आज असती, पंधराव्या वर्षी तिच्यावर अक्षता पडल्या असत्या, आणि एकोणिसाव्या वर्षी तिनं हे लग्न मला मान्य नाही असं जालन्याच्या न्यायालयात जाऊन सांगायचं ठरवलं असतं, तर तिला आधी आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जावं लागलं असतं. मुख्याध्यापकांनी कपाटातून जनरल रजिस्टर काढलं असतं. तांबड्या रेघांच्या त्या पानावर तिचं नाव असतं, आईचं नाव असतं, शाळा सोडल्याची तारीख असते, आणि जन्मतारीख दोनदा लिहिलेली असते, एकदा अंकी आणि एकदा अक्षरी.